उतारवयातील दाह आणि आहारातील अँटिऑक्सिडंट : बाटलीपासून ताटापर्यंत

सत्तरी ओलांडलेल्या माझ्या मावशीच्या औषधांचा डबा एकदा टेबलावर रिकामा केला, तेव्हा रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांखेरीज त्यातून आणखी तीन बाटल्या निघाल्या : एक मल्टिव्हिटॅमिनची, एक केस आणि त्वचा यांसाठी कोणीतरी आणून दिलेली, आणि एक ‘वार्धक्य रोखणाऱ्या’ कॅप्सूलची. चष्मा लावून तिन्ही लेबले वाचली आणि कागदावर बेरीज मांडली, तर जीवनसत्त्व ई रोज ८०० आंतरराष्ट्रीय युनिटांच्या (आययू) वर पोटात जात होते, म्हणजे गरजेच्या किमान चोवीस पट. हे कशासाठी, असे विचारले तर ती म्हणाली, ‘अंगातली सूज कमी व्हावी म्हणून.’

तिचा हेतू चुकीचा नव्हता. वार्धक्य आणि शरीरातील दाह यांचे नाते खरे आहे, पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू निकामी करणाऱ्या द्रव्यांचा, म्हणजे अँटिऑक्सिडंटांचा, त्याच्याशी संबंधही आहे. मात्र तो संबंध बाटलीवर छापलेला असतो तितका सरळ नाही. म्हणून आहारात काहीही बदलण्याआधी पहिले काम डब्याचे करावे. घरातील सर्व पूरक गोळ्या, पावडरी आणि सरबते एकत्र मांडावीत. जीवनसत्त्व अ किंवा बीटा-कॅरोटीन, जीवनसत्त्व क, जीवनसत्त्व ई, सेलेनियम आणि झिंक यांचे रोजचे प्रमाण प्रत्येक लेबलावरून उतरवून घ्यावे आणि बेरीज करावी. प्रौढांसाठी अमेरिकेत ठरवलेली रोजची कमाल मर्यादा जीवनसत्त्व क साठी २००० मिलिग्रॅम, ई साठी १००० मिलिग्रॅम, झिंकसाठी ४० मिलिग्रॅम आणि सेलेनियमसाठी ४०० मायक्रोग्रॅम आहे. युरोपातील मर्यादा ई, झिंक आणि सेलेनियम यांच्या बाबतीत याहून बऱ्याच कडक आहेत. मर्यादेच्या आत असणे म्हणजे उपयोगी असणे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. हा कागद पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांपुढे ठेवावा, कारण ‘औषधे कोणती चालू आहेत’ या प्रश्नाचे उत्तर देताना बहुतेक लोक या बाटल्यांचा उल्लेखच करत नाहीत.

हा दाह कोणता

बोट कापले की ते लाल होते, सुजते, ठणकते आणि काही दिवसांत बरे होते. हा तीव्र दाह शरीराच्या दुरुस्तीचा भाग आहे आणि तो व्हायलाच हवा. उतारवयात ज्याची चिंता करायची तो दाह निराळा असतो : मंद आणि वर्षानुवर्षे चालणारा, राखेखाली धुमसणाऱ्या निखाऱ्यासारखा. इटालियन संशोधक क्लॉडिओ फ्रान्चेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली त्याला ‘इन्फ्लमेजिंग’ असे नाव दिले. रक्तवाहिन्यांचे काठिण्य, टाइप २ मधुमेह, स्नायूंची झीज अशा अनेक विकारांशी त्याचा संबंध जोडला जातो.

त्याची कारणे एकापेक्षा अधिक आहेत. विभाजन थांबलेल्या पण मेलेल्या नसलेल्या जुन्या पेशी आजूबाजूला दाहकारक रसायने सोडत राहतात. पोटाच्या आत, अवयवांभोवती साठलेली चरबी इंटरल्यूकिन-६ सारखे संदेशवाहक स्रवते. हिरड्यांचा जुना संसर्ग, धूम्रपान, अपुरी झोप, हालचालींचा अभाव आणि आतड्यांतील जीवाणूंचे बिघडलेले संतुलन यांची त्यात भर पडते. या यादीत अँटिऑक्सिडंटांची कमतरता हे फक्त एक कलम आहे, आणि बहुधा सर्वांत मोठे नाही. दुखऱ्या हिरड्यांवर दंतवैद्याकडे उपचार न करता रोज बेरी खात राहणे म्हणजे गळका नळ तसाच ठेवून फरशी पुसत बसण्यासारखे आहे.

ऑक्सिडेशन आणि दाह एकमेकांना खतपाणी घालतात, हे खरे. पेशींमध्ये ऊर्जा तयार होताना फ्री रॅडिकल म्हणजे अस्थिर, इतरांचे इलेक्ट्रॉन हिसकावणारे रेणू निर्माण होतात. त्यांच्यामुळे झालेल्या हानीतून दाहाचे संदेश सुटतात, आणि दाहासाठी धावून आलेल्या पांढऱ्या पेशी पुन्हा असेच रेणू तयार करतात. डेनम हार्मन यांनी १९५६ मध्ये वार्धक्याचे मूळच फ्री रॅडिकलमध्ये आहे अशी उपपत्ती मांडली, आणि त्यानंतरची कित्येक दशके ‘फ्री रॅडिकल वाईट, अँटिऑक्सिडंट चांगले’ हे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले. प्रत्यक्षात पांढऱ्या पेशी याच रेणूंच्या बळावर जंतू मारतात, आणि इतर पेशी त्यांचा उपयोग निरोप पोचवण्यासाठी करतात. त्यांचा समूळ नायनाट करणे शक्य नाही आणि इष्टही नाही.

गोळी का हरली

समीकरण इतके सोपे असते, तर मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी चमत्कार घडवला असता. तसे झाले नाही. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले : रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील कॅरेट नावाच्या चाचणीत १८,३१४ जण होते. त्यांपैकी बीटा-कॅरोटीन आणि जीवनसत्त्व अ एकत्र घेणाऱ्यांत तोच कर्करोग २८ टक्क्यांनी वाढलेला दिसला, आणि १९९६ मध्ये ती नियोजित मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावी लागली. पस्तीस हजारांहून अधिक पुरुषांच्या सिलेक्ट चाचणीत रोज ४०० युनिट जीवनसत्त्व ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त असल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. यावरून काढायचा नियम कडक आहे : जे धूम्रपान करतात किंवा पूर्वी करत होते, त्यांनी बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेऊ नयेत, आणि जीवनसत्त्व ई मोठ्या मात्रेत कोणीही स्वतःच्या मनाने घेऊ नये.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. वयोमानानुसार डोळ्यांच्या मॅक्युलाचा, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा, ऱ्हास मध्यम अवस्थेत पोचला असेल किंवा एका डोळ्यात तो पुढे गेलेला असेल, तर जीवनसत्त्व क, ई, झिंक, तांबे, ल्युटीन आणि झियाझँथिन यांचे ठरावीक मिश्रण तो पुढे सरकण्याचा वेग कमी करू शकते. हे नेत्रतज्ज्ञाने तपासून सांगायचे असते. डोळे धड असताना ‘आधीच घेऊन ठेवावे’ म्हणून त्या गोळ्या सुरू करण्यात अर्थ नाही.

मग भाजी-फळे खाणाऱ्यांमध्ये दाह कमी का दिसतो? याचे उत्तर रंजक आहे. वनस्पतींतील पॉलिफिनॉल नावाची द्रव्ये रक्तात फारच कमी प्रमाणात पोचतात, त्यामुळे ती थेट फ्री रॅडिकल टिपत असतील हे संभवत नाही. ती पेशींना हलकासा चिमटा काढतात, असे म्हणता येईल. त्या चिमट्याने एनआरएफ-२ नावाचे प्रथिन जागे होते, आणि पेशी स्वतःची संरक्षक यंत्रणा, म्हणजे ग्लुटाथिओन आणि त्याच्या जोडीची एन्झाइमे, वाढवतात. पॉलिफिनॉलचा उरलेला मोठा भाग आतड्यात जातो, तेथील जीवाणू त्याचे लहान रेणूंत रूपांतर करतात. शिवाय सोबतच्या तंतुमय पदार्थांपासून ते ब्युटिरेटसारखी आम्ले बनवतात, जी आतड्याचे अस्तर टिकवतात आणि दाह शमवतात. एकच रेणू वेगळा काढून शंभरपट मात्रेत दिला, तर हे सारे नाट्य घडत नाही. याच कारणाने पदार्थाची ‘अँटिऑक्सिडंट क्षमता’ सांगणाऱ्या प्रयोगशाळेतील आकड्यांना भुलू नये. अशा ओरॅक आकड्यांचे कोष्टक अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये स्वतःच्या संकेतस्थळावरून काढून टाकले, कारण परीक्षानळीतल्या आकड्यांचा शरीरातील परिणामाशी मेळ बसत नव्हता. पाकिटांवर मात्र ते आकडे त्यानंतरही मिरवत राहिले.

ताट कसे भरावे

एखाद्या सुपरफूडच्या मागे न लागता जेवणाचा एकंदर साचा बदलावा. स्पेनमधील प्रेडिमेड या चाचणीत ५५ ते ८० वयाच्या ७,४४७ जणांपैकी दोन गटांना भूमध्यसागरी पद्धतीच्या आहारासोबत एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा दिला गेला, आणि कमी चरबीच्या आहाराचा सल्ला मिळालेल्या गटाच्या तुलनेत त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघाताच्या घटना सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्या. सहभागींच्या वाटणीतील त्रुटींमुळे २०१३ चा मूळ प्रबंध मागे घेऊन २०१८ मध्ये विश्लेषण नव्याने प्रसिद्ध करावे लागले, तरी निष्कर्ष साधारण तोच राहिला. या आहारात कोणतीही जादूची वस्तू नव्हती : भाज्या, फळे, डाळी आणि कडधान्ये, पूर्ण धान्ये, सुकामेवा, मासे, चांगले तेल, आणि लाल मांस व गोड पदार्थ कमी.

जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळे खाण्यास सांगते. त्यात बटाटा आणि तत्सम पिष्टमय कंद धरत नाहीत. हे प्रमाण डोळ्यांना कळावे म्हणून एक दिवस स्वयंपाकघरातील काट्यावर खरोखर वजन करून पाहावे. एक मध्यम सफरचंद, एक मोठा टोमॅटो आणि वाटीभर शिजवलेली पालेभाजी एवढ्याने आपण ४०० ग्रॅमच्या आसपास पोचतो. रोज भाजी खाणाऱ्यांनाही आपण निम्म्यावरच अडकलो होतो, असा साक्षात्कार येथे होतो. रंग बदलते ठेवावेत, कारण गडद हिरव्यात ल्युटीन, नारिंगीत कॅरोटीन, जांभळ्यात अँथोसायनिन आणि कांद्यात क्वेर्सेटिन अशी प्रत्येकाची जातकुळी वेगळी असते.

तंतुमय पदार्थांचे रोजचे उद्दिष्ट २५ ग्रॅमच्या आसपास ठेवावे. शिजवलेल्या १०० ग्रॅम मसुरात साधारण ८ ग्रॅम, सालीसकट सफरचंदात ४ ग्रॅम, आणि मूठभर बदामांत सुमारे साडेतीन ग्रॅम तंतू मिळतात. मात्र आजवर दहा-बारा ग्रॅमवर असलेल्या माणसाने एका आठवड्यात पंचवीस गाठू नयेत. पोट फुगते, गॅस होतो, आणि ‘मला हे मानवत नाही’ म्हणून सगळाच बेत बारगळतो. दर आठवड्याला दोन-तीन ग्रॅमची वाढ आणि त्याबरोबर पुरेसे पाणी हे धोरण बरे. वयानुसार तहान मंदावते, म्हणून पाणी वेळ ठरवून प्यावे.

फळ चावून खावे आणि रस टाळावा, कारण गाळलेल्या रसात तंतू राहत नाहीत आणि साखर झपाट्याने रक्तात जाते. चहा-कॉफी सोडण्याची गरज नाही. अनेक देशांच्या आहार पाहण्यांत लोकांच्या अँटिऑक्सिडंटांचा मोठा वाटा कॉफीतूनच येत असल्याचे दिसले आहे. हे वाचून माझ्यासह अनेकांना समाधान वाटेल. फक्त जेवणासोबत चहा घेतल्यास वनस्पतींतील लोहाचे शोषण घटते, म्हणून मध्ये तासाभराचे अंतर ठेवावे, आणि झोपेवर परिणाम होत असेल तर दुपारनंतर कॉफी बंद करावी.

चिरणे आणि शिजवणे

भाजी तीच असली तरी हाताळणीवर बरेच अवलंबून असते. लसूण ठेचल्यावर किंवा चिरल्यावर त्यातील दोन घटक, जे अखंड पाकळीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, एकत्र येऊन अ‍ॅलिसिन तयार होते. ठेचलेला लसूण लगेच गरम तेलात टाकला तर त्या दोहोंपैकी एन्झाइम असलेला घटक उष्णतेने नष्ट होतो आणि ही क्रिया अर्धवट राहते. म्हणून सर्वांत आधी लसूण ठेचून बाजूला ठेवावा, बाकीची चिराचिरी करावी, आणि दहा मिनिटांनी तो वापरावा. कोबी आणि ब्रोकोली यांचेही असेच आहे : चिरून काही वेळ ठेवल्यास त्यांत सल्फोराफेन तयार होते, जे एनआरएफ-२ ला जागे करणाऱ्या द्रव्यांपैकी ठळक आहे. गोठवलेल्या ब्रोकोलीत ते बनवणारे एन्झाइम गोठवण्याआधीच्या उकळण्यात बहुतांशी गेलेले असते. शिजल्यावर वरून चिमूटभर मोहरीची पूड भुरभुरली, तर मोहरीतील तेच एन्झाइम ही उणीव भरून काढते.

टोमॅटो आणि गाजर यांचे उलट आहे. त्यांतील लायकोपीन आणि कॅरोटीन शिजवल्यावर अधिक सुटे होतात आणि चरबीशिवाय फारसे शोषले जात नाहीत. तेलाचा थेंबही नसलेली गाजराची कोशिंबीर खाल्ल्यास रंग बराचसा वाया जातो. जीवनसत्त्व क मात्र उष्णतेने आणि पाण्यात उतरून नष्ट होते, म्हणून भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देण्यापेक्षा वाफवावी किंवा पाण्यासकट सूप करावे. तळण्यासाठी तेच तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. त्यात ऑक्सिडेशनची उत्पादने साचतात, म्हणजे ज्याच्याशी लढायचे तेच आपण ताटात वाढून घेतो.

औषधांशी गाठ

हा भाग घाईने वाचू नये. वॉरफरीन हे रक्त गोठू न देणारे औषध चालू असलेल्यांनी पालेभाज्या बंद करू नयेत, पण त्यांचे प्रमाण दर आठवड्याला सारखे ठेवावे, कारण त्यांतील जीवनसत्त्व के औषधाच्या परिणामावर मात करते. पालेभाज्या वाढवायच्या असतील तर आधी डॉक्टरांना सांगून रक्ताची आयएनआर चाचणी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी चाचणी, लवकर करून घ्यावी. वॉरफरीनसोबत मोठ्या मात्रेतील जीवनसत्त्व ई रक्तस्रावाचा धोका वाढवते. ग्रेपफ्रूट हे फळ सिम्व्हास्टॅटिन, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या (स्टॅटिन) औषधांचे आणि रक्तदाबाच्या काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवते. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर फळे, टोमॅटो, डाळी आणि सुकामेवा यांतील पोटॅशियम घातक ठरू शकते, म्हणून वर दिलेला ४०० ग्रॅमचा सल्ला अशा व्यक्तीने तज्ज्ञांना विचारल्याशिवाय अमलात आणू नये. मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी जीवनसत्त्व क च्या मोठ्या गोळ्या टाळाव्यात. शरीरात त्याचे ऑक्झलेट बनते.

‘नैसर्गिक’ अर्क सुरक्षितच असतात, ही समजूत सोडून द्यावी. ग्रीन टीच्या आणि हळदीच्या संहत अर्कांमुळे यकृताला इजा झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. कपातला चहा आणि जेवणातली हळद हा वेगळा प्रश्न आहे. धोका आहे तो कॅप्सूलमध्ये ठासून भरलेल्या मात्रेचा.

खाणेच कमी झाले असेल तर

उतारवयातील आहाराचा सल्ला बहुधा येथे फसतो. कवळी सैल असते, चव आणि वास मंदावलेले असतात, एकट्यासाठी रांधण्याचा कंटाळा येतो, आणि अशा माणसासमोर कच्च्या भाज्यांची मोठी थाळी ठेवली की तो दोन घास खाऊन उठतो. त्याच्यासाठी भाज्या आणि मसूर एकत्र मऊ शिजवून, घोटून, वरून चमचाभर तेल घालून दाट सूप करावे. अक्रोड किंवा बदाम बारीक पूड करून त्यात मिसळावेत. एका वेळी चार वाट्या करून तीन गोठवून ठेवल्या, तर ज्या दिवशी चूल पेटवण्याची इच्छा नसेल त्या दिवशी बिस्किटांवर भागवावे लागत नाही.

प्रथिनांकडे दुर्लक्ष होऊ देऊ नये. पासष्टीनंतर शरीराच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवली जातात (मूत्रपिंडाचा आजार नसल्यास). पोटाची चरबी घटल्याने दाह निश्चित कमी होतो, पण वृद्ध व्यक्ती केवळ कमी खाऊन बारीक झाली तर चरबीबरोबर स्नायूही जातात. म्हणून वजन उतरवायचे असल्यास प्रथिने आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम, निदान खुर्चीतून हाताच्या आधाराविना दहा वेळा उठणे-बसणे, सोबत हवेच. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन ५ टक्क्यांहून अधिक घटले असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे.

मोजायचे ते कसे

दाहाचा अंदाज घेण्यासाठी एचएस-सीआरपी ही रक्तचाचणी सर्वांत सोयीची आहे. तिच्यात सीआरपी (सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन) हे प्रथिन मोजतात, जे यकृत इंटरल्यूकिन-६ च्या सांगण्यावरून बनवते. हृदयविकाराच्या जोखमीच्या दृष्टीने लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असणे चांगले, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त मानतात. १० च्या वर आकडा आला तर जुनाट दाहाऐवजी एखादा ताजा संसर्ग किंवा इजा शोधावी. सर्दी, दातदुखी, लसीकरण किंवा पडझड यांनंतर लगेच चाचणी करू नये. मावशीचा पहिला आकडा १४ आला आणि घरात धावपळ उडाली. नंतर लक्षात आले की आदल्याच आठवड्यात तिला खोकला झाला होता. पाच आठवड्यांनी तो २.६ निघाला, तोवर तिने आहारात काहीही बदललेले नव्हते. त्या पहिल्या आकड्यानंतर एखादी महागडी कॅप्सूल सुरू केली असती, तर सारे श्रेय तिलाच गेले असते. म्हणून सुरुवातीची पातळी ठरवताना दोन आठवड्यांच्या अंतराने दोन चाचण्या करून त्यांची सरासरी धरावी, आणि स्टॅटिन नुकतेच सुरू झाले असल्यास तेही सीआरपी उतरवते, हे हिशेबात घ्यावे.

आहारातील बदलाला किमान तीन महिने द्यावेत. त्या काळात एका वहीत दर आठवड्याला कमरेचा घेर, वजन, त्या आठवड्यात ४०० ग्रॅमचे उद्दिष्ट किती दिवस गाठले तो आकडा, आणि झोप कशी लागली याची एक ओळ, एवढेच लिहावे. मावशीच्या वहीत पहिल्या महिन्यात आठवड्याचे तीन दिवस होते, तिसऱ्यात पाच. कमरेचा घेर दोन सेंटिमीटरने उतरला, सीआरपी २.१ झाला. एवढा फरक नेहमीच्या चढउतारातूनही पडू शकतो, हे मी तिला सांगितले. तिने मान डोलावली, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून ज्या तीन बाटल्या बंद झाल्या होत्या, त्यांची रिकामी झालेली जागा दाखवून म्हणाली, ‘इथे आता मी अक्रोडाची बरणी ठेवते.’